ओपेथविरुद्धची तेरा वर्षांची चुकीची तक्रार

२२ नोव्हेंबर २०२४ ला ओपेथ या स्वीडिश मेटल बँडचा चौदावा अल्बम, 'द लास्ट विल अँड टेस्टामेंट', बाहेर आला. त्यातलं पहिलं गाणं ऑगस्टमध्येच ऐकायला मिळालं होतं आणि खरं सांगायचं तर निकाल तेव्हाच लागून गेला होता. कारण त्या गाण्यात बँडचा गायक आणि म्होरक्या मिकाएल ओकरफेल्ट ग्राउल करत होता. घशाच्या तळातून काढलेली ती खर्जातली, खरखरीत गुरगुर ओपेथच्या अल्बमवर याआधी ऐकू आली होती ती २००८ साली. मधल्या सोळा वर्षांत निघालेल्या चारही अल्बमवर ती नव्हती. त्यामुळे एक कडवं ऐकून मेटलप्रेमींनी जल्लोष केला, अल्बम यायच्या आत त्याला उत्कृष्ट ठरवलं आणि तो आल्यावर बोलण्यासारखं फारसं काही शिल्लकच ठेवलं नाही. दुसऱ्या बाजूला काहींनी तितक्याच घाईने नाक मुरडलं: विक्री घसरली असेल, म्हणून जुनं हत्यार बाहेर काढलं. माझं म्हणणं असं की हे दोन्ही पक्ष एकच चूक करत आहेत. दोघांनीही आवाज मोजला, आवाजाचं काम ऐकलं नाही. हा अल्बम चांगला आहे, माझ्या मते या बँडच्या सर्वोत्तम पाच अल्बमांत बसेल इतका चांगला. पण ग्राउल परत आला म्हणून नव्हे. आणि ज्या चार अल्बमांना 'वाट चुकलेली वर्षं' म्हणून बाजूला टाकलं जातं, त्यांच्याशिवाय तो होऊच शकला नसता.

२०११ मध्ये ओपेथने ग्राउल सोडला आणि तिथेच वाट चुकली, ही तक्रार आधी नीट समजून घेऊ, कारण ती पोकळ नाही. ओपेथ स्टॉकहोमचा. १९९० मध्ये सुरू झाला, पहिला अल्बम १९९५ चा. डेथ मेटलचा रानटीपणा आणि सत्तरच्या दशकातल्या प्रोग्रेसिव्ह रॉकची लांबण, हळवेपणा, अकूस्टिक गिटार हे सगळं एकाच दहा-बारा मिनिटांच्या गाण्यात नांदवणं ही त्यांची ओळख. २००१ चा 'ब्लॅकवॉटर पार्क', ज्याची निर्मिती पॉर्क्युपाइन ट्री या इंग्लिश बँडच्या स्टीव्हन विल्सनने केली, हा त्या ओळखीचा कळस मानला जातो आणि त्यात अतिशयोक्ती नाही. त्या अल्बमवर ओकरफेल्टचा स्वच्छ आवाज इतका कातर लागतो, त्याचं कारणच मुळी त्याच्या आधी आणि नंतर येणारी गुरगुर आहे. उजेड दिसायला अंधार लागतो, तसं ते होतं. मग २०११ मध्ये 'हेरिटेज' आला आणि अंधारच काढून टाकला गेला. आजच्या मेटलमध्ये आपल्याला रस उरलेला नाही, हे ओकरफेल्ट मुलाखतींमधून मोकळेपणाने सांगत होता. त्या अल्बमनंतरच्या सुरुवातीच्या दौऱ्यात तर ग्राउल असलेली जुनी गाणीही वाजवली गेली नाहीत. पदरचे पैसे मोडून तिकीट काढलेल्या माणसाला ते लागलं असेल, तर त्याला भावनाविवश म्हणून उडवून लावणं अन्यायाचं आहे.

हेही मान्य करायला हवं की ग्राउल म्हणजे मेटलवर वरून चिकटवलेली नक्षी नाही. ज्यांना हे संगीत परकं आहे ते त्याला आरडाओरडा समजतात. प्रत्यक्षात ते एक अवघड तंत्र आहे. नुसतं ओरडणारा गायक पंधरा मिनिटांत बसतो. चांगला ग्राउल करणारा मुख्य स्वरतंतूंच्या वरच्या पट्ट्यांना कंप देतो, श्वासाचा आधार पोटातून घेतो आणि दीड तासाचा कार्यक्रम रोज रात्री निभावतो. त्या आवाजात चाल नसते, पण वजन असतं, लय असते, शब्दाची धार असते. तो जवळजवळ तालवाद्यासारखा वापरता येतो. ओकरफेल्ट या तंत्रातला गेल्या तीस वर्षांतला अव्वल माणूस आहे, हे त्याच्या विरोधकांनाही नाकारता येत नाही. अशा माणसाने ते वाद्य खाली ठेवलं की ऐकणाऱ्याचं खरोखरच काहीतरी हरवतं. आणखी एक कबुली: मधल्या चार अल्बमांत सगळं सोनं नाही. 'हेरिटेज'मधली काही गाणी तुकडे जोडून केल्यासारखी वाटतात, एक कल्पना रुजायच्या आत दुसरी येते. २०१६ च्या 'सॉर्सरेस'मध्ये जुन्या बँडांवरचं प्रेम इतकं उघड आहे की कधी कधी ओपेथ शोधावा लागतो.

इतकं मान्य करूनही तक्रार टिकत नाही. कारण तिचा पाया असा आहे की ग्राउल म्हणजेच ओपेथ. मग २००३ च्या 'डॅम्नेशन'चं काय करायचं? त्या अल्बमवर एकही गुरगुर नाही. मेलोट्रॉन या जुन्या कीबोर्डचा धुरकट नाद, हळू आवाजातली गाणी, विस्कटलेल्या माणसाचं एकटेपण. मेटल म्हणावा असा एक रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजणारा गिटारचा तुकडा, त्यात सापडणार नाही. तरी तो अल्बम आज या बँडच्या सर्वात लाडक्या अल्बमांपैकी एक आहे, आणि त्याची थोरवी गाणाऱ्यांत 'हेरिटेज'ला गद्दारी म्हणणारेही आहेत. यावर एक उत्तर मिळतं आणि ते बिनतोड वाटावं असं आहे: 'डॅम्नेशन' एकटा नव्हता. तो २००२ च्या 'डिलिव्हरन्स'सोबत, एकाच कामाचा दुसरा अर्धा भाग म्हणून तयार झाला होता. त्या अर्ध्यात हवा तेवढा जडपणा होता. ऐकणाऱ्याला ठाऊक होतं की हे सोडून जाणं नाही, ही विश्रांती आहे. ठीक. पण याचा अर्थ नीट पाहा. म्हणजे आक्षेप संगीतावर नाहीच. एकाच प्रकारचं संगीत 'परत येणार आहे' या खात्रीसह ऐकलं तर उत्तम, आणि ती खात्री नसताना ऐकलं तर विश्वासघात? ही तक्रार कानाची नाही, नात्याची आहे. ती करायला हरकत नाही, फक्त तिला संगीताची समीक्षा म्हणू नये.

आणि आपल्याकडच्या श्रोत्यांनी तर ती मुळीच उसनी घेऊ नये. पुण्या-मुंबईत ओपेथ ऐकणाऱ्या बहुतेकांना हा बँड कसा भेटला ते आठवा. दुकानात त्यांची सीडी सहसा मिळत नव्हती, मिळाली तर परवडत नव्हती. इंजिनीअरिंगच्या हॉस्टेलवर कुणाच्या तरी हार्ड डिस्कवर सगळे अल्बम एका फोल्डरमध्ये असत, आणि तो फोल्डर एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर जात असे. वर्षवारी कुणाला ठाऊक नव्हती. अक्षरांच्या क्रमाने लागलेली यादी, वरून दुसरा 'डॅम्नेशन' की तिसरा, त्यावर बोट पडलं तर हा हळवा प्रोग्रेसिव्ह रॉक बँड वाटायचा. 'डिलिव्हरन्स'वर पडलं तर डेथ मेटल. एकाच आठवड्यात माणूस दोन्ही ऐकायचा आणि दोन्ही एकाच घरातले आहेत हे त्याला सहज पटायचं. स्वीडन-अमेरिकेतल्या श्रोत्याने दर दोन-तीन वर्षांनी एक अल्बम विकत घेत, वाट पाहत, अपेक्षा बांधत जो क्रम जगला तो आपण जगलोच नव्हतो. आपल्याला ओपेथ एकदम सगळा मिळाला. हे आपलं नुकसान नव्हतं, ही मोकळीक होती. २०१९ च्या अखेरीस हा बँड पुण्यात एनएच७ वीकेंडर या संगीत महोत्सवाला आला तेव्हा त्याच वर्षीचा, ग्राउल नसलेला 'इन काउदा वेनेनम' ताजा होता, आणि त्या काळातल्या त्यांच्या कार्यक्रमांत नवी स्वच्छ गाणी आणि जुनी गुरगुरती गाणी शेजारी शेजारी वाजत होती. म्हणजे ग्राउल कुठे गेला नव्हता. मंचावर तो होताच. नव्या गाण्यांना त्याची गरज नव्हती, एवढंच. मग 'तो परत आला' म्हणून आपण कुणाच्या वतीने टाळ्या पिटतो आहोत?

'बदलला म्हणून बिघडला' ही तक्रार मेटलइतकीच जुनी आहे. मेटॅलिकावर ती १९८४ मध्ये झाली. दुसराच अल्बम, अजून बँडचं नीट नावही झालं नव्हतं, आणि त्यातलं एक गाणं अकूस्टिक गिटारवर संथ सुरू होतं एवढ्यावरून कडव्या चाहत्यांनी 'विकले गेले' असा शिक्का मारला. तेच गाणं आज त्यांच्या कार्यक्रमांत हजारो लोक शब्दन्‌शब्द गातात. १९९६ च्या 'लोड'च्या वेळी तर चर्चा संगीतावरून सुटून केसांवर गेली: चौघांनी केस कापले, म्हणजे मेटल संपलं. त्या अल्बमवर बोलण्यासारखं पुष्कळ होतं. तो लांबला आहे, दक्षिणी ब्लूज त्यांच्या हाताला पूर्ण बसलेला नाही. पण केसांच्या गोंधळात ते मुद्दे कुणी मांडले? याउलट २००८ च्या 'डेथ मॅग्नेटिक'च्या वेळी काय घडलं ते पाहा. श्रोत्यांच्या लक्षात आलं की सीडीवर आवाज इतका दाबून, फुगवून टाकला आहे की ड्रम फाटल्यासारखे ऐकू येतात. आणि त्याच गाण्यांची 'गिटार हीरो' या खेळातली आवृत्ती मात्र मोकळी, श्वास घेणारी आहे. लोकांनी दोन्ही ध्वनिलेखांचे आलेख शेजारी ठेवले, फरक दाखवला, हजारोंनी सह्या करून पुन्हा मास्टरिंगची, म्हणजे ध्वनिमुद्रणावर शेवटचा हात नव्याने फिरवण्याची, मागणी केली. मोठ्या आवाजाच्या स्पर्धेने संगीताचं काय नुकसान होतं, हा तोवर ध्वनितंत्रज्ञांपुरता असलेला विषय त्यातून सामान्य श्रोत्यापर्यंत पोहोचला. ही तक्रार होती, तीव्र होती, आणि ती कानाने केलेली होती. चाहत्यांनी गप्प बसावं असं मी म्हणतच नाही. २००३ च्या 'सेंट अँगर'वरच्या त्या डबा बडवल्यासारख्या स्नेअर ड्रमबद्दल आजही कुणी चिडून बोललं तर मी त्याच्याशी वाद घालायला बसेन, कारण तिथे वाद घालायला काहीतरी हाती लागतं.

अर्थात, बदल हाच गुण आहे असं मानणारी उलटी अंधश्रद्धाही आहे, आणि ती मला तितकीच नकोशी वाटते. 'कलावंत वाढतो, श्रोते मागे राहतात' हे वाक्य दर वेळी ढालीसारखं पुढे करता येत नाही. स्वित्झर्लंडच्या सेल्टिक फ्रॉस्टने १९८८ मध्ये 'कोल्ड लेक' काढला. अत्यंत धाडसी, अंधारा बँड एकदम त्या काळच्या चकचकीत ग्लॅम रॉकच्या वाटेला गेला. तो फसला, आणि त्याचा कर्ता टॉम वॉरियर याने पुढे स्वतःच तो झिडकारला. चाहते तिथे बरोबर होते. दुसरीकडे मोटरहेड चाळीस वर्षं जवळपास एकाच वेगाने, एकाच आवाजात वाजवत राहिला आणि त्यात काहीही शिळं वाटलं नाही. आणि १९८६ मध्ये आयर्न मेडनने गिटार सिंथेसायझर आणला तेव्हा कपाळाला हात लावणारे होते. आज त्या अल्बमशिवाय मेडनची गोष्ट सांगता येत नाही. तेव्हा बदलला की नाही बदलला, हा प्रश्नच निरुपयोगी आहे. विचारायचं ते हे: जे नवं आणलं किंवा जुनं परत आणलं, त्याला त्या कामात दुसरी जागा घेऊ शकेल असं काही होतं का? ते काढून टाकलं तर काय कोसळतं?

हा प्रश्न 'द लास्ट विल अँड टेस्टामेंट'ला लावून पाहू. अल्बमला एक कथा आहे. पहिल्या महायुद्धानंतरचा काळ. एक श्रीमंत, धाक असलेला कुटुंबप्रमुख वारला आहे आणि त्याच्या वाड्यात मृत्युपत्राचं वाचन चाललं आहे. त्याची जुळी मुलं हजर आहेत. शिवाय एक मुलगी आहे, पोलिओ झालेली, अनाथ म्हणून त्याच घरात वाढलेली. ती या वाचनाला का बोलावली आहे, हे जुळ्यांना खटकतं आहे. पहिल्या सात गाण्यांना नावं नाहीत, मृत्युपत्रातल्या कलमांसारखे आकडे आहेत. कलमामागून कलम वाचलं जातं, घरातली गुपितं फुटत जातात, रक्ताचं म्हणून जे मानलं ते रक्ताचं नव्हतं हे कळतं, आणि सगळी इस्टेट त्या मुलीच्या नावावर होते. ज्या घरांनी सातबाऱ्यावरून भावाभावांचं बोलणं बंद झालेलं पाहिलं आहे, त्यांना या गोष्टीची दाहकता समजावून सांगावी लागणार नाही. आता ऐका की ग्राउल कुणाचा आहे. माझ्या ऐकण्यात तो त्या मेलेल्या बापाचा आहे. मेलेला माणूस कागदावरून बोलतो आहे, त्याला कुणी उलट उत्तर देऊ शकत नाही, त्याचा शब्द आता कायदा आहे. अशा आवाजाला चाल कशाला हवी? हुकमाला चाल नसते. आणि तोच बाप जेव्हा लाजेकडे, दुबळेपणाकडे, स्वतःच्या फसवणुकीकडे येतो तेव्हा आवाज स्वच्छ होतो, कधी कधी एकाच ओळीच्या मध्यावर. हे अदलाबदलीचं तंत्र ओपेथकडे पहिल्यापासून होतं, पण पूर्वी ते बहुधा वातावरणासाठी यायचं: आता जड, आता हलकं. इथे ते पात्र रंगवतं. या सात कलमांतून ग्राउल काढला तर बापाचा अधिकार जातो. नुसता ग्राउल ठेवला तर त्याचा अपराध जातो.

शेवटचं, आठवं गाणं मृत्युपत्राच्या बाहेरचं आहे. त्याला नाव आहे. एक पत्र येतं, आणि त्यातून कळतं की ज्या मुलीला रक्ताची म्हणून सगळं मिळालं, तीही त्याची नव्हती. या गाण्यात ग्राउल नाही. एक संथ, जुन्या हार्ड रॉकच्या वळणाचं बॅलड आणि अखेरीस फ्रेड्रिक ओकेसनचं लांबवलेलं, घाई न करणारं गिटार. ग्राउल परतल्याचा आनंद मानणाऱ्या कित्येकांनी या गाण्याला 'गुळमुळीत शेवट' म्हटलं. पण हुकूम करणारा आवाज इथे असणार कसा? त्याला जे माहीतच नव्हतं ते हे गाणं सांगतं आहे. बापाचा आवाज गप्प झाला आहे, कारण बाप चुकला होता. जे कान सात गाणी ग्राउल मोजत बसले त्यांना आठव्या गाण्यातल्या त्याच्या नसण्याचा अर्थ लागणार नाही, हे उघड आहे.

आता मधल्या 'वाया गेलेल्या' वर्षांकडे वळू. या अल्बमवर तंतुवाद्यांचा ताफा आहे, आणि तो पार्श्वभूमीला पसरलेला पडदा म्हणून येत नाही. रिफच्या अंगावर येतो, त्याला अडवतो, कधी त्याची चेष्टा करतो. ही रचना डेव्ह स्ट्यूअर्टबरोबरची. हा इंग्लंडमधल्या प्रोग्रेसिव्ह रॉकच्या कँटरबरी परंपरेतला, एग आणि हॅटफील्ड अँड द नॉर्थ या बँडांमधला कीबोर्ड वादक. ओपेथचं आणि त्याचं काम २०१४ च्या 'पेल कम्युनियन'पासून सुरू झालं, 'इन काउदा वेनेनम'मध्ये पिकलं आणि इथे फळाला आलं. अल्बमभर नाटकातल्यासारखं बोलणं, कुजबुज, निवेदन आहे. तेही २०१९ मध्ये स्वीडिश आणि इंग्रजी अशा दोन आवृत्त्या काढताना चाचपून पाहिलेलं. जेथ्रो टल या इंग्लिश रॉक बँडचा इयन अँडरसन निवेदन करतो आणि दोन कलमांत बासरी वाजवतो. चौथ्या कलमात सगळा धडधडाट एकाएकी ओसरतो, हार्प आणि त्याची बासरी उरते, आणि पुन्हा जेव्हा सगळं अंगावर कोसळतं तेव्हा ते २००१ च्या ओपेथसारखं नाही कोसळत. त्यात एक वाकडेपणा आहे, विषम मात्रांची लडखड आहे, जी मधल्या अल्बमांच्या शाळेत शिकलेली आहे. ड्रमवर २०२२ मध्ये आलेला फिनलंडचा वाल्टेरी वैरिनेन आहे. त्याच्याकडे डेथ मेटलचा वेग आहे, पण तो वेग दाखवत बसत नाही. स्नेअरवरचे हलके ठोके ऐका, जिथे जॅझची आठवण येते. २००८ मध्ये थांबलेला ओपेथ सरळ रेषेत चालत राहिला असता तर तो इथे पोहोचला असता? मला अजिबात वाटत नाही. तो अधिक गुळगुळीत, अधिक सराईत 'ओपेथ' झाला असता. स्वतःचीच नक्कल करणारे कितीतरी नामवंत बँड आपण पाहतोच आहोत, जे दर तीन वर्षांनी १९९० मधलाच अल्बम नव्या वेष्टनात देतात आणि ज्यांच्या कार्यक्रमात नव्या गाण्याला लोक पाणी प्यायला जातात.

मग राहिला दुसरा पक्ष, जो म्हणतो ही बाजाराशी तडजोड आहे. संगीतकाराने पैशाचा विचार केला नसेलच असं कोण छातीठोकपणे सांगेल? त्या क्षेत्रात आज रेकॉर्डविक्रीवर कुणाचं घर चालत नाही, दौऱ्यांवर चालतं, आणि दौऱ्याला जुने चाहते लागतात. पण मनातला हेतू तपासायचं यंत्र आपल्याकडे नाही. काम तपासता येतं. बाजाराला खूश करायचंच होतं तर सोपा रस्ता समोर होता: 'ब्लॅकवॉटर पार्क'चा दुसरा भाग काढायचा, दहा मिनिटांची सहा गाणी, ओळखीचे रिफ. त्याऐवजी हा माणूस नाव नसलेली गाणी, कायद्याची भाषा, तुटक वळणं, एका ऐकण्यात हाताला न लागणारी कथा घेऊन येतो. गाणी बहुतेक पाच-सात मिनिटांत आटोपतात, पण प्रत्येकात इतकं भरलेलं आहे की तिसऱ्या-चौथ्यांदा ऐकेपर्यंत ती वेगळी ओळखूसुद्धा येत नाहीत. ही खुशामत असेल तर फारच अवघड जातीची खुशामत म्हणावी लागेल.

आपल्या मराठी श्रोत्याला हा वाद वेगळ्या सुरात पूर्वी ऐकल्यासारखा वाटायला हवा. कुमार गंधर्व क्षयाच्या दीर्घ दुखण्यातून उठून १९५० च्या दशकात देवासहून पुन्हा मैफलीत आले तेव्हा त्यांचं गाणं बदललेलं होतं. लहान लहान, तुटक आणि टोकदार स्वरवाक्यं, एकाएकी उंचावणारा आणि एकाएकी विरणारा आवाज, माळव्याच्या लोकधुनांतून उभे केलेले राग. घराणं मोडलं, विलंबित लयीचं सुख गेलं, असे आक्षेप आले. मला त्या वादातली एक गोष्ट मोलाची वाटते: विरोधकसुद्धा विलंबित ख्यालाबद्दल बोलत होते, बंदिशीच्या भरण्याबद्दल, लयीच्या वजनाबद्दल. ते चुकले असतील, पण ते गाणं ऐकून चुकले. त्यामुळे आज साठ-सत्तर वर्षांनीही त्यांचे आक्षेप वाचून काही शिकता येतं. बैठकीत बसून ऐकण्याची, पटलं नाही तर कुठे पटलं नाही ते बोट ठेवून सांगण्याची ही सवय आपल्याकडे आहे. ती फक्त ख्यालासाठी राखून ठेवायची आणि मेटल ऐकताना 'भारी' आणि 'भंगार' या दोन शब्दांवर भागवायचं, हे कशासाठी? ग्राउल करणाऱ्या माणसाने तीस वर्षं जी मेहनत केली ती तानेच्या मेहनतीपेक्षा कमी मोलाची आहे का?

'शेवटी ज्याची त्याची आवड' असं म्हणून हात झटकणारेही भेटतात, आणि त्यांचं म्हणणं मला सगळ्यात निराश करतं. आवड ज्याची त्याची असतेच, पण ती का, हे सांगायला लागलं की दुसऱ्याच्या कानाला काहीतरी मिळतं. माझ्यापुरतं सांगायचं तर या अल्बमशी मला भांडण आहे, आणि ते ग्राउलवरून नाही. पाचव्या-सहाव्या कलमापर्यंत येता येता कल्पनांची इतकी दाटी होते की एखादा सुंदर रिफ दोनदा ऐकायला मिळावा अशी भूक लागते आणि तो एकदाच येऊन जातो. 'डिलिव्हरन्स'च्या शीर्षकगीताचा शेवट आठवतो, जिथे एकच अडखळता रिफ मिनिटांमागून मिनिटं वाजत राहतो आणि त्या हट्टातूनच नशा चढते. तो हट्ट इथे कुठेच नाही. इयन अँडरसनचं निवेदन काही ठिकाणी वाद्यांच्या गर्दीत बुडतं, आणि शब्द हातात धरून ऐकल्याशिवाय कथा कळत नाही, हे कथा सांगू पाहणाऱ्या अल्बमचं अपयश आहे. जुळ्या मुलांना स्वतःचा आवाजच मिळत नाही. ज्यांचा वारसा हिरावला जातो ती दोन माणसं सबंध अल्बमभर नुसती ऐकत बसलेली आहेत; त्यांच्यासाठी एक वेगळा गळा, निदान एका कलमापुरता, ओकरफेल्टने शोधायला हवा होता. युरोप बँडचा जोई टेम्पेस्ट दुसऱ्या कलमात गायला आहे, पण तो मागच्या आवाजांत. त्याला किंवा दुसऱ्या कुणाला पुढे आणून बापाला उत्तर द्यायला लावलं असतं तर हे वाचन एकतर्फी राहिलं नसतं, आणि शेवटच्या पत्राचा घाव आत्ता बसतो त्याहून खोल बसला असता.